कुंडीतल्या झाडांचा वैशाख

मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा लागून चौथा दिवस असताना, मी आमच्या गच्चीवरचे चिकूचे झाड कुंडीतून बाहेर काढले. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना आमच्याकडे विदर्भात नवतपा म्हणतात, आणि २५ मेच्या सुमारास तो सुरू झाला की माणसे शक्यतो दुपारी घराबाहेर पडत नाहीत. रोज सकाळी त्या चिकूला मी स्वतःच्या हाताने पाणी घालत होते आणि कुंडीच्या भोकातून पाणी बाहेर आलेले पाहूनच पुढच्या कुंडीकडे वळत होते. त्यामुळे त्याची पाने आधी मलूल, मग करडी आणि शेवटी कुरकुरीत झाली, तेव्हा ते पाण्यावाचून वाळत असेल अशी शंकाही माझ्या मनात आली नव्हती. मुळांचा गोळा हातात आल्यावर सगळे उघड झाले. गोळ्याचा मधला भाग इतका कोरडा होता की बोटाने खरवडताच माती भुकटीसारखी गळून पडली. पश्चिमेच्या बाजूला, कुंडीच्या भिंतीला टेकून वाढलेली बारीक मुळे तपकिरी पडली होती आणि चिमटीत धरताच त्यांची साल सुटून येत होती. पूर्वेकडची मुळे मात्र अजून पांढरी होती. एकाच झाडाची, वीतभर अंतरावरची मुळे इतकी वेगळी पाहिल्यावर, उन्हाळ्यात झाडांना काय सोसावे लागते याविषयीची माझी समजूतच मुळातून बदलली.

तोवर मी उन्हाळ्याचा विचार पानांच्या बाजूने करत होते. पाने कोमेजतात, पाने करपतात, म्हणून पानांवर सावली धरायची आणि बुडाशी पाणी घालायचे, एवढेच मला ठाऊक होते. जमिनीतल्या झाडाला हे पुरते, कारण वरची चार बोटे माती कितीही तापली तरी हातभर खाली ती थंड असते आणि मुळे तिकडे जाऊ शकतात. कुंडीतल्या मुळांना अशी जागा नसते. उलट, वाढणारे मूळ कुंडीच्या भिंतीपर्यंत जाते आणि तिथून तिच्या कडेकडेने गोल फिरत राहते, म्हणजे झाडाची सर्वांत कोवळी, पाणी शोषणारी मुळे नेमकी त्या भिंतीला चिकटून असतात जी दुपारभर उन्हात तापते. मातीचे तापमान चाळिशीच्या आसपास गेले की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ थांबते, आणि त्यापुढे ती भाजू लागतात. भाजलेले मूळ पाणी घेऊ शकत नाही. मग माती ओली असो की कोरडी, वरची पाने सारखीच सुकतात, आणि पाने सुकली म्हणून आपण आणखी पाणी ओततो.

नागपुरात हे का घडते ते सांगायला फार आकडे लागत नाहीत. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नित्याचे आहे आणि २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. गच्चीवरची फरशी, कठडा, काळ्या प्लॅस्टिकची कुंडी यांवर थेट ऊन पडते तेव्हा त्यांना हात लावून ठेवता येत नाही. शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून सूर्य मावळला तरी कुंडीच्या बुडाची भट्टी विझत नाही. चिकूच्या बाबतीत तर निवडही मुळात अवघड होती. डहाणू-घोलवडच्या दमट किनारी हवेत रमणारे ते झाड मी विदर्भाच्या कोरड्या झळांमध्ये, तेही कुंडीत आणि तेही पश्चिमेच्या कठड्याशी ठेवले होते.

त्या वर्षापासून मी पाण्याच्या आधी कुंड्यांची व्यवस्था लावते, आणि ती मार्चअखेर, ऊन चढायच्या आत. सगळ्या कुंड्या विटांवर ठेवल्या जातात, एका कुंडीखाली तीन विटा, मधून हवा खेळेल अशा. त्यामुळे स्लॅबची धग थेट बुडाला लागत नाही आणि पाणी निघून जाण्याचे भोकही मोकळे राहते. नंतर त्या एकमेकींजवळ दाटीने आणते. मोठ्या कुंड्यांच्या आडोशाला लहान कुंड्या बसतात, आणि पश्चिम व नैऋत्य बाजूच्या सर्वांत बाहेरच्या रांगेत झाडे नसलेल्या, नुसत्या मातीने भरलेल्या जुन्या कुंड्या व रिकामे डबे येतात. दुपारचे तिरके ऊन त्यांनी घ्यायचे. लिंबाच्या आणि डाळिंबाच्या मोठ्या ड्रमांना बाहेरून चुना लावलेला आहे. पांढरा पृष्ठभाग कमी तापतो हे शाळेत शिकलेले ज्ञान मला इतक्या उशिरा उपयोगी पडले याची खंत वाटते, कारण चुन्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

याखेरीज गोणपाट. धान्याच्या रिकाम्या पोत्यांपैकी तागाची पोती कुंडीभोवती गुंडाळून सुतळीने बांधायची आणि दिवसातून दोनदा ओली करायची. आमच्या घरातला कूलर वाळ्याच्या ताट्यांमधून जे काम करतो, तेच काम हे ओले पोते कुंडीसाठी करते. पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि आतली भिंत थंड राहते. साध्या, न रंगवलेल्या मातीच्या कुंडीत हा गुण मुळातच असतो, कारण माठासारखीच तीही पाझरते. म्हणून मोठ्या झाडांसाठी मी हळूहळू मातीच्या कुंड्यांकडे वळले आहे. त्या जड असतात, फुटतात आणि प्लॅस्टिकपेक्षा लवकर कोरड्या पडतात, हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. तरी कुंडीला एखादे वेळी जास्त पाणी घालणे मला जमते, भाजलेले मूळ पुन्हा जिवंत करणे जमत नाही.

ठाण्याला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने हे ऐकून तिच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याला ओले पोते बांधले. आठवड्याने तिचा फोन आला, "ताई, पोत्याला बुरशी आली, आणि कुंडी काही गार वाटत नाही." चूक माझी होती. हवा कोरडी असेल तेव्हाच पाण्याची वाफ भराभर होते. नागपुरात मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात वाळतात, तर ठाण्या-मुंबईकडे किंवा कोकणात अंगावरचा घामसुद्धा वाळत नाही. तिथे झाडाला कोरड्या झळांचा त्रास कमी आणि ओल्या पोत्याचा उपयोगही कमी. तिने पोते काढून कुंडीसमोर पांढरी फरशी उभी करून ठेवली, आणि तिच्या गॅलरीला तेवढे पुरले.

आता पाण्याकडे येते, कारण चिकूच्या गोळ्याचा मधला भाग कोरडा का राहिला, हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. माती, विशेषतः शेणखत आणि कोकोपीट जास्त असलेली हलकी माती, एकदा पूर्ण वाळली की पाणी शोषायलाच नकार देते. ती आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि मध्ये सुरीचे पाते जाईल एवढी फट पडते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते आणि भोकातून बाहेर येते. नुसती काळी माती भरली असेल तर हीच गोष्ट भेगांमधून घडते. भोकातून पाणी आले म्हणजे कुंडी भिजली, ही माझी खूण म्हणूनच खोटी ठरली होती. आता मी एका कुंडीला दोन टप्प्यांत पाणी देते. आधी सगळ्या कुंड्यांना थोडे थोडे, फक्त माती दमट होण्यापुरते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन पोटभर. पहिल्या पाण्याने माती फुगते, फटी बुजतात आणि दुसरे पाणी खरोखर आत मुरते. फट दिसलीच तर खुरपीने कडेची माती आत दाबून घेते. लहान कुंडी अगदी वाळून हलकी झाली असेल तर ती पाण्याच्या टबात अर्धी बुडवून ठेवते आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत हलवत नाही.

कुंडी ओली आहे की नाही हे वरून पाहून कळत नाही. वरची माती दोन तासांत पांढरी पडते आणि खाली चिखल असू शकतो. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहणे हा एक मार्ग, आणि कुंडी एका बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घेणे हा दुसरा. दुसरा मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण पंधरा दिवसांत प्रत्येक कुंडीचे भरलेले आणि रिकामे वजन हाताच्या लक्षात राहते. ड्रम उचलता येत नाहीत. त्यांत मी बांबूची एक काडी खोलवर खोचून ठेवली आहे, ती ओढून काढली की ओल कुठवर आहे ते तिच्यावर दिसते.

पाण्याची वेळ पहाटेची, साडेपाच ते साडेसहा. त्या वेळी स्लॅब सर्वांत गार असतो आणि झाडाला दिवस सुरू होण्याआधी पाणी भरून घेता येते. संध्याकाळी पाणी द्यावे लागलेच तर पाइपातले पहिले पाणी मी बादलीत सोडून देते, कारण गच्चीवरच्या टाकीतले आणि उन्हात पडलेल्या पाइपातले पाणी सहा वाजताही चटका देते. भर दुपारी मात्र एक गोष्ट मनाला घट्ट धरून टाळावी लागते. जास्वंदीची, अंजिराची मोठी पाने तीन वाजता मान टाकतात, आणि ते दृश्य पाहून हात आपोआप बादलीकडे जातो. पण त्या वेळी पानांतून जाणारे पाणी मुळांच्या वेगापेक्षा जास्त असते एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि माती ओली असूनही पाने झुकतात. सूर्य कलला की ती पुन्हा उभी राहतात. पहाटेही मान खाली असेल तर काळजीचे कारण आहे. तेव्हा आधी बोट मातीत घालावे. कोरडी असेल तर तहान, ओली असेल तर मुळे कुजली किंवा भाजली, आणि अशा झाडाला आणखी पाणी देणे म्हणजे गरम, साचलेल्या पाण्यात त्याची उरलेली मुळे गुदमरवणे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, ही साधी गोष्ट कुंडीत फार मोठी होऊन बसते.

काटोलकडे संत्र्याची बाग असलेले आमचे एक काका मागे उन्हाळ्यात आले होते. माझे लिंबू फळत नाही हे ऐकून ते म्हणाले, "अगं, त्याला ताण दे. महिनाभर पाणी तोड, पाऊस पडला की बघ कसं फुलतं ते." त्यांचे म्हणणे त्यांच्या शेतात अगदी खरे आहे. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुले, धरायचा असेल तर बागायतदार उन्हाळ्यात पाणी तोडतात, झाड विश्रांतीत जाते आणि जूनच्या पाण्यानंतर एकदम फुलावर येते. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलांसाठी, हाच ताण हिवाळ्यात दिला जातो. मात्र त्यांच्या खोल जमिनीत ओल हळूहळू, आठवड्या-आठवड्याने कमी होत जाते, झाडाला सावरायला वेळ मिळतो आणि किती पाने गळली हे पाहून ताण केव्हा तोडायचा ते अनुभवी डोळ्यांना कळते. मेमधल्या कुंडीत तीच ओल दोन दिवसांत संपते, म्हणजे ताण आणि मरण यांच्यामध्ये एखादीच दुपार असते. काकांना मी हे मांडले तेव्हा त्यांनी ड्रममध्ये हात घालून पाहिला आणि म्हणाले, "खरंय बाई, ही काही जमीन नाही." माझ्या कागदी लिंबाची पाण्याची पाळी उन्हाळ्यात कधीच चुकत नाही, आणि ते पावसाळ्यात आपल्या परीने फुलते.

लिंबाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते तेव्हा घरातले प्रत्येक उरलेले पाणी झाडांना घालावेसे वाटते, आणि ही भावना योग्यच आहे. नागपूरला पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून पाणी येते. २०१९ मध्ये पावसाने ओढ दिल्यावर जुलै महिन्यात शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हा आम्ही तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले सगळे पाणी साठवून झाडे जगवली. ते पाणी चांगले. पण कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंडीत ओतू नये. कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते आणि त्यातले क्षार मागे राहून दिवसेंदिवस घट्ट होत जातात, ताट्यांवर पांढरा थर जमतो तो त्यांचाच. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्याचेही तेच. कुंडीत क्षार साचतात, पानांची टोके करपू लागतात, आणि लिंबूवर्गीय झाडे याबाबतीत फार नाजूक असतात. मी ते पाणी गच्ची धुवायला आणि गोणपाट भिजवायला वापरते. पोत्यावर क्षार साचले तर पोते धुता येते.

मातीवर आच्छादन नसेल तर वरच्या सगळ्या खटाटोपाचा निम्मा उपयोग वाया जातो. माझ्याकडे गावाहून सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, येते. ते नसेल तर वाळका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडे, जे हाताशी असेल ते चार बोटे जाड पसरावे, फक्त खोडाभोवती तीन बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओल धरून साल कुजते. दर आठवड्याला आच्छादन उचलून वाळवी लागली नाही ना ते पाहते. आच्छादन घातल्यापासून मोठ्या ड्रमांना एक दिवसाआड पाणी पुरू लागले, लहान कुंड्यांना मात्र रोज द्यावेच लागते.

हिरव्या जाळीबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तिच्याविषयी सगळेच जाणतात. उन्हाळ्यात आमच्या शहरात चौकातल्या सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठीसुद्धा ती बांधतात. निम्मे ऊन अडवणारी जाळी फळझाडांना पुरते, त्याहून दाट जाळीखाली फांद्या लांबट आणि कमजोर होतात. ती झाडांच्या शेंड्यापासून किमान दोन-तीन फूट उंच बांधावी आणि पश्चिमेकडे पडद्यासारखी खाली सोडावी. डोक्यावर जाळी आणि पश्चिम बाजू उघडी, अशी मांडणी मी पुष्कळ गच्च्यांवर पाहते, आणि त्या उघड्या बाजूने चार वाजता ऊन थेट कुंड्यांवर येते. कोरड्या उष्म्यात लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, फार वाढतात, पाने फिकट ठिपकेदार होतात आणि मागून पाहिले की बारीक जाळे दिसते. पहाटे पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागच्या बाजूने मारला तर बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही.

एप्रिल-मेमध्ये मी खत घालत नाही, छाटणी करत नाही आणि कुंडी बदलत नाही. खताने कोवळी पालवी फुटते आणि ती आठवडाभरात करपते. छाटणीने आतापर्यंत सावलीत असलेली खोडे उघडी पडतात आणि त्यांची साल पश्चिमेच्या बाजूने फाटते. मुळे हलवण्याविषयी तर काही बोलायलाच नको. सगळ्याच झाडांना सारखे पाणीही लागत नाही. पांढरा चाफा (खुरचाफा) कोरड्या दिवसांत पाने टाकतो, त्याच्या जाड फांद्यांत पाणी साठलेले असते, आणि निष्पर्ण चाफ्याला दया येऊन रोज पाणी घालणारे लोक त्याचे खोड कुजवतात. बेलाचीही पाने गळतात आणि नवी येतात. डाळिंब आणि गोडनिंब, म्हणजे तुमचा कढीपत्ता, बुंध्याला सावली असेल तर या उन्हाळ्यात टिकून राहतात. पुन्हा चिकू मात्र मी आणला नाही.

मुलांना सुट्ट्या लागल्या की चार-सहा दिवस गावी जावे लागतेच. त्या दिवसांसाठी मोठ्या ड्रमांमध्ये भाजताना न तडकलेले, झिलई न दिलेले लहान मडके गळ्यापर्यंत पुरून ठेवले आहे. ते भरून झाकण ठेवले की पाणी भिंतीतून हळूहळू पाझरत राहते. कुंडी लावतानाच ते पुरावे, नंतर खणायला गेले तर मुळे तुटतात. लहान कुंड्या जिन्याखालच्या सावलीत उतरवते आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन जाते. काकूंना मी आता "रोज पाणी घाला" असे सांगत नाही, त्यांच्याबरोबर एक फेरी मारून प्रत्येक कुंडी एकदा उचलून दाखवते.

मृग लागला, पहिली सर येऊन गेली, म्हणजे लगेच सगळे सोडून देण्याचा मोह होतो. दोन सरींच्या मधले जूनचे ऊन मेइतकेच कडक असते आणि दोन-तीन महिने जाळीखाली राहिलेली पाने त्यात एका दुपारी डागाळतात. म्हणून जाळी मी ढग बसल्यावर, एखाद्या झाकोळलेल्या दिवशी काढते. आधी पोती सोडते, कारण पावसात तीच ओल धरून बुरशी आणतात, आणि आच्छादन पातळ करते. पहिल्या एक-दोन जोरदार पावसांचे पाणी कुंड्यांतून भरपूर वाहून जाऊ देते, भोके मोकळी आहेत ना हे प्रत्येक कुंडीखाली वाकून पाहते. उन्हाळाभर साचलेले क्षार त्या पाण्याबरोबर निघून जातात, आणि विटांच्या कडांवर उमटलेल्या पांढऱ्या रेघा दोन-तीन पावसांत पुसल्या जातात.